नजमा मॅडमची ढेकळांची भट्टी

माझ्या हातून चार चांगल्या गोष्टी झाल्या असतील तर त्या कोणामुळे, असं कोणी विचारलं की माझ्या तोंडून आईवडिलांच्याही आधी एक नाव निघतं... नजमा मॅडम. आमच्या गावच्या शाळेत त्यांनी मला भूगोल शिकवला. आईवडिलांना याचं वाईट वाटत नाही. माझी माय तर स्वतःच आल्यागेल्याला सांगते, "याले जन्म मी देल्ला, पन शाळेत ठेवला मॅडमनं. नाही तं हा गेलता सुरतले."

मॅडम गेल्याचं त्यांचे धाकटे भाऊ रशीदभाई यांनी फोनवर कळवलं. डोणगावात त्यांचं गाद्या-रजयांचं दुकान आहे. "बेटा, आपा गेली," एवढंच आधी म्हणाले. मग, "दुपारची नमाज पढली. म्हने, जरा पडते, तवर चहा टाक. मी चहा टाकला, अन्..."

परवा त्यांच्या चाळिसाव्याला, म्हणजे चाळिसाव्या दिवसाच्या दुव्याला, डोणगावला गेलो. मॅडमचे विद्यार्थी कुठून कुठून आले होते. कोणी पोलीस, कोणी कृषी केंद्रवाला, कोणी एसटीत कंडक्टर, बऱ्याच जणी कडेवर लेकरं घेऊन आलेल्या. मग एकानं मॅडमची एक गोष्ट काढली, दुसऱ्यानं दुसरी, आणि बघता बघता ओसरीवर असा हशा पिकला की आतून रशीदभाईंच्या बेगम पडदा सारून पाहायला आल्या, की दुखवट्याच्या घरी हे चाललंय काय! त्यांनाही कोणीतरी ती वानरांची गोष्ट सांगितली. मग त्याही पदर तोंडाला लावून हसल्या.

निघताना रशीदभाई म्हणाले, "पेपरात आपावर लिहिनार असशील तं तुह्यं ते पत्र छापजो. दरसाल पोरायले वाचून दाखवे ती." म्हणून हा लेख. पत्र शेवटी दिलं आहे. पण त्याआधी मॅडम कशा होत्या ते सांगितल्याशिवाय त्या पत्राला काही अर्थ नाही.

आमचं गाव जानेफळपासून आडवळणाला. मॅडम डोणगावहून एसटीनं यायच्या आणि एसटी जशी येईल तशा यायच्या, म्हणजे बहुतेक उशिरा. उंच, सडपातळ बांधा, आवाज जरासा घोगरा, खांद्याला कापडी पिशवी आणि हातात टकळी. सूत कातायची, भोवऱ्यासारखी गरगर फिरणारी ती लहानशी टकळी फाट्यापासून शाळेपर्यंत त्यांच्या हातात फिरत असायची. चालता चालता सूत कातणारी बाई आमच्या गावानं त्याआधी पाहिली नव्हती. एसटीतल्या एका कंडक्टरनं म्हणे त्यांना विचारलं होतं, "मॅडम, सुताचं हाफ तिकीट फाडू काय?" त्यावर मॅडम म्हणाल्या होत्या, "फाडा की. पन मंग त्याले खिडकीजवळची शीट द्या."

त्यांचं घराणं पिंजाऱ्यांचं, कापूस पिंजून गाद्या भरणाऱ्यांचं. त्यामुळे कापूस त्यांच्या अंगाखांद्यावरच वाढला होता. पण टकळीचा नाद घरातून आलेला नव्हता, तो आला होता एका मासिकातून. मेहकरच्या एका रद्दीवाल्याकडे त्यांना गुळगुळीत कागदाचं एक परदेशी मासिक मिळालं होतं. मुखपृष्ठ नाही, मधली पानं फाटलेली, आणि भाषा अशी की ती मॅडमनाही वाचता येत नव्हती आणि तालुक्यात दुसऱ्या कोणालाही. पण चित्रं रंगीत होती. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतावरची गावं, तिथली माणसं, जनावरं, जेवणं, विणकाम. एका चित्रात पाठीवर लेकरू बांधलेली एक बाई डोंगराची वाट चढता चढता सूत कातत होती. मॅडम म्हणायच्या, "तिले जमते तं मले डोणगाव फाट्यावर काऊन नाही जमनार?"

भूगोलाच्या पुस्तकात अँडीज एका परिच्छेदात संपायचा. मॅडमच्या तासाला तो महिनाभर चालायचा. हवामान त्यांनी आम्हाला असं शिकवलं, "बुलडाण्याचा घाट चढला की गार वाटते ना? आता त्या घाटावर दुसरा घाट ठेव. त्यावर तिसरा. असे घाटावर घाट रचत जा, अन् पार वरती वावर नांगरनारा मानूस उभा कर. सकाळी त्याच्या गवतावर बर्फ, दुपारी त्याच ठिकानी नाक सोलून निघन असं ऊन. एका दिवसात त्याचे तिन्ही ऋतू होतात, बिचाऱ्याचे."

आमच्याकडे पेरूला जाम म्हणतात. मागच्या बाकावरच्या गजूनं हात वर केला. "मॅडम, पेरू देश म्हंजे जामाचाच ना? मंग तिथं लोकं बटाटे काऊन खातात बे?"

"बे कोनाले म्हन्तं बे?" मॅडम म्हणाल्या. अख्खा वर्ग हसून लोळला, आणि तो देश आमच्यापैकी कोणीही जन्मभर विसरणार नाही अशी व्यवस्था झाली.

मासिकातल्या एका चित्रात लोक लामा नावाच्या जनावरांच्या कानात रंगीत लोकरीचे गोंडे ओवत होते. ते पाहून मी नकळत बोलून गेलो, "मॅडम, हा तं पोळा झाला." मी वर्गात सहसा बोलत नसे. मॅडम थांबल्या. माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही शोध लावला होता. मग म्हणाल्या, "लिवून घ्या रे सारे. अन् खाली याचं नाव लिवा." आमच्या घरात माझ्याआधी कोणी शाळेची पायरी नीट चढलेलं नव्हतं. माझं नाव इतरांच्या वह्यांत लिहिलं गेलं, ते त्या दिवशी पहिल्यांदा.

आणि ती वानरांची गोष्ट. अँडीजमधले लोक बटाटे उघड्यावर गारठवून, वाळवून वर्षानुवर्षं टिकवतात हे मॅडमनी कुठूनतरी शोधून काढलं होतं. एका हिवाळ्यात थंडीची लाट आली, तसे त्यांनी आठवडी बाजारातून बटाटे आणून शाळेच्या गच्चीवर पसरले. मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, इथं बर्फ पडत नसते." मॅडम म्हणाल्या, "सर, कोशिश करायले काय जाते?" जायचं ते बटाटेच गेले. सकाळी पाहतो तर कठड्यावर वानरं ओळीनं बसून आमचा प्रयोग खात होती. एकानं तर खाऊन झाल्यावर साल मॅडमच्या दिशेनं भिरकावलं. "आपल्या हवामानाचा हा फरक," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "तिकडं वानरं नाहीत."

त्या हट्टी होत्या. त्यांना स्वयंपाक येत नव्हता. त्यांच्या डब्यातली खिचडी त्या स्वतःच कशीबशी संपवत. नकाशात नद्या कोणी लाल रंगानं काढल्या तर संतापायच्या. पण ज्या गोष्टीची त्यांना गंमत वाटली ती दुसऱ्याला वाटेपर्यंत त्यांचा जीव थाऱ्यावर नसायचा.

मी नववीत होतो ते साल आमच्या भागाला चांगलं गेलं नाही. बीटी कपाशी येऊन फार वर्षं झाली नव्हती. सगळ्या शिवारात तीच. आधी झाडं अशी वाढली की बाबा रोज संध्याकाळी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभं राहून नुसतं पाहायचे. मग पानं लाल पडायला लागली. लाल्या म्हणतात त्या रोगाला. बोंडं फुटली ती अर्धी, आणि निघाला तो कापूस डागाळलेला, ज्याला आमच्याकडे कवडी म्हणतात. माझे बाबा मूळचे बोलके. पारावर त्यांनी केलेल्या नकला ऐकायला माणसं जमायची. त्या हिवाळ्यात ते बोलायचे थांबले. भांडण नाही, रडणं नाही, फक्त घरातला आवाज गेला. आणि एके दिवशी जेवताना ताटाकडं पाहत म्हणाले, "नववी झाली की मामाकडं जाय सुरतले. लूमवर लावून देतो म्हन्ते तो." मायनं भाकर थापायची थांबवली. बाबा इतक्या दिवसांनी बोलले होते, त्यांना नाही कसं म्हणायचं?

मॅडमना कोणी सांगितलं मला माहीत नाही. मायवर माझा संशय आहे, कारण मॅडम टकळीसाठी कापूस मागायला तिच्याकडे यायच्या. एका रविवारी त्या घरी आल्या. मला वाटलं, आता बाबांना शिक्षणाचं महत्त्व सांगणार. बाबांनाही तेच वाटलं असावं, ते उठून जायच्या तयारीतच बसले होते. मॅडमनी चहा घेतला, टकळी फिरवली, मायशी सासवासुनांच्या गप्पा मारल्या आणि मग म्हणाल्या, "भाऊ, तुमच्याकडं एक काम होतं. तुमच्या वावरातली ढेकळं पायजेत."

"ढेकळं?" बाबांनी वर पाहिलं. "काऊन?"

"पोरांले भट्टी करून दाखवायची आहे."

उठायच्या तयारीतले बाबा पुन्हा मांडी घालून बसले. मग म्हणाले, "न्या मॅडम. यंदा त्या वावरात तेवढंच पिकलं."

मासिकात ते चित्र होतं. बटाट्याचं पीक निघालं की अँडीजमधले लोक तिथंच वावरात नांगरटीची ढेकळं एकावर एक रचून घुमट करतात, आत जाळ घालतात आणि त्यात बटाटे भाजतात. पहिल्या चित्रात घुमट उभा होता, आतून ज्वाळा दिसत होत्या. त्यानंतरचं पान फाटलेलं. त्यापुढच्या पानावर माणसं बसून बटाटे खात होती. मधे काय होतं ते मॅडमना माहीत नव्हतं. "मधे काय असनार?" त्या म्हणाल्या. "मधे बटाटे शिजले असतील."

त्यांनी दिवस निवडला महाशिवरात्रीचा. शाळेला सुट्टी, आणि गावाला उपवास. "त्या दिवशी तुम्ही सारे बटाटे-रताळेच खानार," त्या म्हणाल्या. "मंग अँडीजवाल्याईच्या पद्धतीनं खा. मीबी उपास धरते. रोजापेक्षा सोपाच दिसते तुमचा."

कपाशी उपटून वावर नांगरलं होतं. काळ्या मातीची ढेकळं, कलिंगडाएवढी, वाळून दगड झालेली. धुऱ्यावर उपटलेल्या पऱ्हाट्यांचा, कपाशीच्या वाळक्या झाडांचा, ढीग पडला होता. बाबा आमच्यापासून दूर, निंबाखाली पाठ करून बसले. आम्ही पोरांनी भट्टी बांधायला घेतली. ती एका बाजूनं वर जाई आणि दुसऱ्या बाजूनं ढासळे. मॅडम मासिक उघडून सूचना देत होत्या, गजू त्यांच्या बरोबर उलटं करत होता. शेवटी निंबाखालून आवाज आला, "अबे, बुड लहान अन् मुंडकं मोठं ठेवता काय बे? मोठं ढेकूळ खाली लाव!"

आम्ही लावलं. ते पुन्हा घसरलं.

"अरे, तसं नाही रे!" आणि बाबा उठले. धोतराचा काचा मारून आले आणि गजूच्या हातातलं ढेकूळ घेतलं. त्यानंतर कोणाला काही करावं लागलं नाही. एकेक ढेकूळ हातात तोलून, फिरवून, बाबांनी असा घुमट उभा केला की मॅडमनी मासिक त्याच्या शेजारी धरून पाहिलं. चित्रातल्यापेक्षा आमची भट्टी देखणी होती. तोंडातून पऱ्हाट्या कोंबल्या. ज्या कपाशीनं वर्षभर छळलं, तिचा असा जाळ लागला की पाहत राहावं. ढेकळं आधी काळी पडली, मग आतून तांबूस दिसायला लागली. मॅडमनी बटाटे आणि रताळी आत सारायला लावली. बाबांनी त्यातला पहिला बटाटा काढून बांधावर ठेवला, पेरणीच्या वेळी घुगऱ्या ठेवतात तसा. मॅडम म्हणाल्या, "भाऊ, तिकडचेबी लोक जमिनीले आधी जेवू घालतात." बाबा म्हणाले, "मंग आपलेच लोक हायेत ते."

आता फक्त वाट पाहायची होती. पण वाट पाहणं मॅडमच्या स्वभावात नव्हतं. बटाटे शिजले का ते पाहायला त्यांनी एक पऱ्हाटी आत खुपसली, ती अडकली, त्यांनी ओढली, आणि घुमट धाडकन बटाट्यांवर बसला. धूळ उडाली. ती खाली बसली तेव्हा तिथं मातीचा एक गरम ढीग होता आणि हातात अर्धी काडी घेतलेल्या मॅडम. "या अल्ला," त्या हळूच म्हणाल्या. मी मॅडमकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ही भट्टी पोरांना दाखवायला नव्हती, बाबांसाठी होती, ते मला तेव्हा समजलं.

आणि बाबा हसले. आधी नाकातून, मग पोट धरून. "पोरं पाडतीन म्हनून मी डोळ्यात तेल घालून बसलो, अन् पाडली मॅडमनं!" त्यांनी लगेच मॅडमची नक्कल केली, ती काडी, तो "या अल्ला", सगळं. माय पदरात तोंड लपवून हसत होती आणि रडत होती. बाबांनी फावडं घेतलं. "पडलं तं पडलं. आता उकरू नोका. दाबा वरतून माती." आम्ही ढेकळं फोडून, दाबून बटाटे पुरले.

शेजारच्या गोदाकाकू लांबून विचारत होत्या, "अवं, असं मातीतलं उपासाले चालते काय?"

"काकू, बटाटा काय झाडाले लागते?" बाबा म्हणाले. "मातीतूनच आला ना थो?"

काही वेळानं उकरलं. साल तडकलेलं, आतून लोण्यासारखं, आणि वास असा की गोदाकाकू न बोलावता येऊन बसल्या. दाण्याची चटणी, हिरवी मिरची, सैंधव मीठ. तसे बटाटे मी आमच्या वावराबाहेर पुन्हा खाल्ले नाहीत... म्हणजे खाल्ले, पण ते पत्रात आहे.

सगळे खात असताना मॅडम बाबांना म्हणाल्या, "भाऊ, भट्टी माह्यानं पडली. पुढच्या शिवरात्रीले उभी ठेवून दाखवीन. पन ते दहावीच्या पोरांसंग. तुमचं पोरगं वर्गात नसंल तं मी कोनत्या तोंडानं तुमच्या वावरात येऊ?"

बाबांनी बटाटा सोलून संपवला. हात झटकले. "सुरतले ढेकळं नसतीन काय?"

"लूमच्या खोलीत कुठची ढेकळं, भाऊ?"

बाबा माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मामाले फोन लावजो सकाळी. म्हन, येत नाही."

पुढच्या शिवरात्रीला भट्टी उभी राहिली आणि बटाटे आत गेल्यावर पडली. त्याच्या पुढच्या वर्षीही. मॅडमनी ढेकळं बदलून पाहिली, शेणानं सांधे लिंपले, एकदा आत लोखंडी सळई लावली. भट्टी पडायचीच. बाबा दरवर्षी फावडं घेऊन हजर. मी दहावी झालो, बारावी झालो, अकोल्याला शेतकी शिकायला गेलो. जाताना मॅडमनी त्या वाईट सालाचा आमचाच कवडी कापूस रशीदभाईंकडून पिंजून घेऊन माझ्यासाठी रजई करवली. ती अजून माझ्या अंगावर असते.

मग काही वर्षांनी, मी ज्या संस्थेत काम करत होतो तिनं मला उंचावरची पिकं पाहायला पाठवलं. अँडीजमध्ये जायचं, हे कळल्यावर मी पहिला फोन मॅडमना केला. पलीकडून आधी पानं चाळल्याचा आवाज आला. मग घोगऱ्या आवाजात, "ते मधलं पान पाहून ये." निघायच्या आधी त्यांनी मला स्वतःची टकळी दिली, तिथल्या बायांना दाखवायला.

परवा रशीदभाईंच्या दुकानात, कापसाच्या गठ्ठ्यांवर एका खिळ्याला तिकडची चाती, म्हणजे तिकडची मोठी टकळी, टांगलेली पाहिली. हातभर लांब, लाकडी, खालच्या चकतीवर रंगीत रेघा. पत्राबरोबर मीच पाठवली होती. तिच्यावर गावरान कापसाचं सूत अर्धं कातलेलं आहे. रशीदभाईंनी ते तोडलेलं नाही. दुकानात वारा आला की ती चाती थोडी फिरते.

हे ते पत्र.

*

आदरणीय मॅडम,

सलाम आणि नमस्कार.

मी पोचलो. तुम्ही सांगितलं होतं तसंच आहे. सकाळी गवतावर पांढरं दंव गोठलेलं असतं आणि दुपारी माझं नाक सोलून निघालं आहे. काल इथल्या लोकांनी जमिनीला जेवू घातलं. वावरात खड्डा करून त्यात शिजवलेलं अन्न ठेवलं आणि मक्याची दारू ओतली. मला बाबांचा बांधावरचा बटाटा आठवला. बटाटे मात्र इथं जांभळे, पिवळे, लाल, वांग्यासारखे, बोटांसारखे, कसेही असतात. गारठवलेले बटाटे सकाळी अनवाणी पायांनी तुडवून त्यांतलं पाणी काढतात. आपल्या गच्चीवर ते जमणारच नव्हतं. वानरांचा दोष नाही.

तुमची टकळी मी एका आजीबाईंना दिली. एवढीशी पाहून त्या खूप हसल्या, पण लगेच फिरवून सूत काढून दाखवलं. ती त्यांनी ठेवून घेतली आणि त्यांची मला दिली. ती सोबत पाठवत आहे.

आता महत्त्वाचं. आज त्यांनी वावरात भट्टी केली. मोठी ढेकळं खाली, लहान वर, अगदी बाबा रचतात तशी. जाळ घातला, ढेकळं तापली, बटाटे आत गेले. मी श्वास धरून उभा होतो. आणि एका माणसानं काठी घेतली आणि भट्टी पाडली. मॅडम, मुद्दाम पाडली! मी मराठीत ओरडलो, "अरे पडली, पडली!" सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मग त्यांनी फावड्यानं ढेकळं फोडली, दाबली आणि बटाटे पुरले. आजीबाईंनी मला हाताला धरून खाली बसवलं, म्हणजे आता गप बस आणि वाट पाहा. काही वेळानं उकरलेले बटाटे खाल्ले, ते अगदी आपल्या वावरातल्यासारखेच लागले.

भट्टी उभी ठेवायची नसतेच, मॅडम. तापली की ती बटाट्यांवर पाडायची असते. त्या पहिल्या शिवरात्रीला तुम्ही काडी ओढलीत आणि बाबांनी माती दाबली, तीच इथली रीत आहे. इतकी वर्षं आपली भट्टी दर वेळी बरोबर पडत होती. बाबांना हे तुम्ही स्वतः जाऊन सांगा. त्यांना नक्कल करायला आवडेल.

भट्टी पाडतानाचा फोटो सोबत आहे. मासिकातल्या फाटलेल्या पानाच्या जागी चिकटवून घ्या.

तुमचा विद्यार्थी